सुताभर

पाठीला फणस, पोटाला शिवण, मानेला साग.
पट्टीचं शिसव बाबांनी
एका मोडक्या पलंगाच्या पायातून काढलं.
वेंगुर्ल्याच्या बंदराजवळ, बर्फाच्या कारखान्यामागे
आमची शेड. पूर्वी इथे होड्या व्हायच्या.
फायबरच्या आल्या, तेव्हापासून
पाट, खुर्च्या, चर्चसाठी कधी एखादी शवपेटी,
आणि या वर्षी एक गिटार.

नकाशा जुना आहे. खाकी कागदावर पेन्सिलीची रेघ,
कडा झुरळांनी खाल्लेल्या.
इनास तारवटी बोटीवरून परतला
तेव्हा त्याच्या गिटारीची मान मोडली होती.
बाबा चौदा वर्षांचे. दुरुस्तीला हात लावण्याआधी
त्यांनी तिला कागदावर निजवलं
आणि भोवतीने पेन्सिल फिरवली,
आई पोराचा पाय कागदावर ठेवून
चपलेचं माप घेते तशी.

लहान चणीची, अरुंद खांद्यांची,
मांडीत मावणारी.
आता अशी कुणी बनवत नाही,
पुण्याचं गिऱ्हाईक म्हणालं
आणि पाच हजार आगाऊ ठेवून गेलं.

करवंट्यांच्या निखाऱ्यांवर लोखंडी नळ तापवायचा,
ओली पट्टी त्यावर दाबायची, जीव रोखून.
घाई केली की फटकन जाते.
दोन गेल्या.
तिसरी वळली.
बाबा म्हणाले, होडीपेक्षा हट्टी आहे.

सरस वाळेना. दर्याचं वारं
शेडीत पाहुण्यासारखं मुक्कामाला होतं.
मग चुलीवरच्या माळ्यावर आठ दिवस,
सुक्या बांगड्यांच्या शेजारी.
भोकात नाक घातलं तर अजून वास येतो.
हे आम्ही गिऱ्हाइकाला सांगितलेलं नाही.
भोकाभोवतीची जांभळट नक्षी शिंपांची आहे,
रविवारच्या तिसऱ्यांची. तेही नाही.

बाबांचा डावा कान यंत्रकरवतीने नेला,
उजवा अर्धा.
म्हणून ते दातांनी ऐकतात.
मानेचा शेंडा दातांत धरतात,
मी एक तार छेडते,
आणि त्यांचा जबडा ठरवतो
आतली कुठली काडी अजून जाड आहे.
मग पटाशी. मग पुन्हा दात.
एका संध्याकाळी खालची तार वाजली
आणि त्यांनी तोंड काढलंच नाही.

फोन आला:
थोडे ओरखडे मारता येतील का?
कडेची पॉलिश उडालेली, हात फिरून फिरून
झिजल्यासारखी जागा?
जुनी वाटायला हवी.

मी बाबांच्या उजव्या कानात ओरडून सांगितलं.
त्यांनी फडक्यावर चपडा घेतला,
पाठीवरून एक लांब हात फिरवला.
"जुनी दिसाक व्हयी?
वाजवूक सांग. होतली आपसूक."

खरं आहे. फणस आज हळदीसारखा पिवळा.
उजेडात बसून बसून
तो काकवीच्या रंगाचा होतो,
त्याला कुणी शिकवत नाही.

आज खोक्यात काथ्या ठासून भरला,
वर तीन भाषांत नाजूक लिहिलं
आणि एसटीच्या पार्सलात ती चढवली.
कंडक्टरने विचारलं, आंबे?
या दिवसांत?

शेड झाडून झाल्यावर बाबांनी
कागद उजेडाला धरला.
साचा कापताना मी कंबर
सुताभर आत घेतली होती.
इनासच्या रेघेच्या पोटात माझी रेघ,
फिकट, खोडायची राहिलेली.
मी भुशात पाय फिरवत राहिले.

त्यांनी बराच वेळ पाहिलं.
मग घडी केली, पत्र्याच्या पेटीत ठेवली,
आणि पेन्सिल कानावर खोचत म्हणाले,
"माळ्यार शिवणीची आणखी एक फळी आसा."