ताशी दहा

तिसऱ्या दिवशी वाशिष्ठी उतरली.
रस्त्याचा पूल नव्हता, टॉवर मुके,
बाजारपेठेत कंबरभर चिखल.
रूळ तेवढे होते, तेही एका ठिकाणी अधांतरी,
खालचा भराव वाहून गेलेला.
आमच्या गँगनं रात्रभर खडी भरली
बॅटरी दातांत धरून.

पहाटे पहिली गाडी सोडली, ताशी दहा.
शेवटच्या डब्यात गार्ड घडशी,
पाण्याचे कॅन, मेणबत्त्या,
बर्फात गुंडाळलेलं रुकय्या परकारचं इन्सुलिन
आणि जुन्या तिकिटांच्या पाठीवर लिहून घेतलेले निरोप.

वाडी आली की तो दारात उभा राहून ओरडे,
"पेढांबकर, पोरगी शाळंच्या माडीवर हाय, जेवली!"
"सुगंधा गो, म्हस गेली, घोव हाय!"

दहाच्या वेगात माणूस ओळखता येतो.
सुगंधा रुळाकडेनं चालत राहिली पार बोगद्यापर्यंत,
"कोन हाय म्हनालास?
परत सांग, कोन हाय?"
घडशी परत सांगत होता.
बोगद्यातूनही.

काल कटिंगपाशी दिसली,
हातात नव्या म्हशीचा कासरा.
गाडी आता शंभरानं जाते.
तोंडाशी हात धरून तिनं काहीतरी विचारलं गाडीला.
मी पलीकडे, पाना घेऊन.
मला ऐकू आलं नाही.