अहवाल, सातवी ब

मगदूम बाई म्हणाल्या, दोन पानांत बसवा सर.
आधी यश, मग बदल, शेवटी आभार.
शुक्रवारी संस्थेला जायला पाहिजे.
मी पेन उघडलं आणि पहिल्याच ओळीला अडलो:
कामाचे एकूण दिवस.

काय लिहू?
घंटा मार्चात दिली ती शेवटची.
पण हुपरीत पाण्याच्या टाकीला एक जिना आहे,
त्याच्या तेविसाव्या पायरीवर रेंज यायची.
तिथं नाजनीन मुजावर बसायची, मांडीवर धाकटा भाऊ,
आणि ऐन अपूर्णांकात म्हणायची,
"सर, थांबा की जरा, ह्याला खाली ठेवून येतो."
तेवीस उतरायच्या, तेवीस चढायच्या.
आम्ही थांबायचो. अख्खा वर्ग.
माइक चालू असून कुणी ओरडलं नाही एकदाही.
हे यशात धरायचं का?

नाहीतर प्रज्योत वडगावेचं घ्या,
बुद्धिबळात जिल्ह्यात दुसरा, मामाच्या मोबाइलवर.
उपांत्य फेरीत मामाला चांदीच्या भावाचा फोन आला,
मामा बोलत राहिला, घड्याळ पळत राहिलं,
तरी जिंकला.
हे लिहिलं. हे सोपं होतं.

सुयोग कुंभारकडं मोबाइलच नव्हता.
तो घरी घुंगरं जोडायचा,
पैंजणाला चौदा.
मी दारात स्वाध्यायाचे कागद द्यायला गेलो
तर म्हणाला, "सर, चौदाचा पाढा म्हणून दाखवू?"
आणि थांबलाच नाही दहाला,
पाचशे साठपर्यंत गेला, चाळीस पैंजणांपर्यंत,
मान खाली, हात चालूच.
एवढा पाढा मलाही येत नाही.

मी तेव्हा ऑक्सिमीटर घेऊन गल्ल्या फिरत होतो.
प्रगतिपुस्तकावर सही मागितली की जी बोटं
रानात नाहीतर भट्टीवर असायची,
ती पालकांची बोटं
एकेक करून हातात धरली.
शहाण्णव. सत्त्याण्णव.
एकदा एक्क्याऐंशी.

बदल:
जुलैत वर्गात खाटा आल्या. सातवी ब मध्ये अकरा.
चार नंबरच्या खाटेवर नेमगोंडा आण्णा,
तिसरीतनं शाळा सोडलेले,
कारखान्याच्या काट्यावर उसाची वजनं लिहिण्यात जन्म गेलेला.
दगडूमामा शिपाई सांगतात,
आण्णा रोज सकाळी उठून फळा पुसायचे,
उजव्या कोपऱ्यात तारीख,
खाली पट अकरा, हजर अकरा,
आणि वळून सगळ्यांकडं बघायचे
वर्गशिक्षकासारखं.

जानेवारीत मी कुलूप काढलं.
खाटा गेल्या होत्या, फरशीवर पायांचे ओरखडे,
फिनेलचा वास.
फळ्यावर ऑगस्टातली एक तारीख.
पट अकरा, हजर दहा.
अक्षर दुसऱ्याचं.

त्याच दिवशी पोरं आली.
बाकाखाली गुडघे मावेनात.
मी मास्कवरच्या डोळ्यांवरनं नावं लावत होतो,
तेवढ्यात मागून कुणा बाप्याच्या आवाजात
"हजर सर!"
मी दाराकडं बघितलं, पालक आलेत का म्हणून.
सुयोग होता.
प्रगतिपुस्तकातला उंचीचा रकाना वर्षभर रिकामा,
आणि भिंतीवरच्या जुन्या खुणेपेक्षा
तो चार बोटं वर.

शिकवायला फळा लागतो.
नाजनीन डस्टर घेऊन उठली,
कोपऱ्यापाशी हात थांबला.
"सर, हे पण पुसू?"
बाकांवर कुणी हललं नाही.
टाकीचा जिना चढून कुणी यायचंय
असे सगळे गप्प.
मी उरलेल्या फळ्यावर अपूर्णांक घेतले.
जागा कमी पडली, छेद खाली खाली गेले.

बाई, दोन्ही पानं भरली,
आभार राहिलेत.
आणि कामाचे दिवस अजून कोरेच आहेत.
शुक्रवारचा सोमवार केला
तर चालेल का?