शून्य रुंदी

मे महिना. सिव्हिल लाइन्स, दुसरा मजला.
कूलरची खस वाळून गेलेली, पाणी भरायला कोणी नाही.
समोर एकतीस हजार नावं
आणि शेवटच्या रकान्यात लाल अक्षरांत : जुळत नाही.

यमुताबाई गणपत वऱ्हाडे, गोळीबार चौक.
दोन्ही याद्यांत तेच नाव, तोच पत्ता.
मशीन म्हणते, या दोघी वेगळ्या.
तीन महिने पेन्शन अडलीय एकाच बाईची.

नावं टाइप केली होती मोमिनपुऱ्याच्या नासिरभाईंनी.
टाइपरायटरवर घडलेला हात,
नाव संपलं की अंगठा स्पेसबारवर टेकायचा,
कधी दोनदा. चहा आला तर चारदा.
"काऊन पण?" मी विचारलं.
"माणसाचं नाव लिवल्यावर
जरा थांबा लागते, मॅडम."

मला थांबायला वेळ नव्हता. पायथनची एक ओळ :
पुढची छाट, मागची छाट.
पहिल्या खेपेला हात सैल सुटला, मधल्याही गेल्या,
आणि यमुताबाईगणपतवऱ्हाडे
बाई, नवरा, आडनाव
एकाच खाटेवर दाटीवाटीने.
एकेक जागा परत दिली.
छेचाळीस डिग्रीत तेवढं अंतर लागतंच.

तरी जुळेना.
एक अक्षर असतं, डोळ्यांना न दिसणारं,
रुंदी शून्य.
कर्सर त्यावरून जाताना
एक ठोका जागच्या जागी अडखळतो, बस.
म्हटलं, हेही काढ. दोन्ही याद्यांतून.
एंटर.
लाल संपलं. मी पाण्याची बाटली उचलली, निघाले.

झिरो माइलच्या सिग्नलला
शेवटची ओळ डोळ्यांपुढे आली :
वर्हाडे.

स्कूटर वळवली.
वर्हाडे, कुर्हाडे, गोर्हे,
सगळ्यांचा र उडून पुढच्याच्या डोक्यावर बसलेला.
त्या काहीच नसलेल्यानं
त्याला आपल्या जागी धरून ठेवलं होतं.
वॉचमननं दिवा लावून दिला.
नवी अट लिहिली :
र च्या पायाशी असेल तर हात लावू नको.

सोमवारी यमुताबाई स्वतः आल्या.
सही करायला शिकल्यात साठीनंतर.
यमुताबाई, लिहिलं. पेन उचलला.
पदराने मान पुसली,
कूलरकडे पाहिलं, बंद होता.
मग खूप पुढे जाऊन : वऱ्हाडे.

मधे इतकी जागा
की दोन माणसं आरामात बसतील.
मी कागद तसाच
फायलीला लावला.