चौदा नंबरचा डबा

मार्चमधला शनिवार. कर्नीच्या जत्रा-मैदानावरचा पत्र्याचा हॉल.
मागच्या आठवड्यात इथे बैलांचं प्रदर्शन होतं,
वास अजून गेलेला नाही.
माझ्या टेबलावर बावीस डबे, दह्याच्या वाटीएवढे,
प्रत्येकात एक वेटोळं, पेन्सिलीच्या जाडीचं.

ती तिसऱ्यांदा फिरून आली.
यारेली. लेक्सिंग्टनच्या मांसाच्या कारखान्यात रात्रपाळी.
घरी एक गेको, अकरा महिन्यांपासून, नाव फ्रिहोल.
म्हणाली, "पालीनंतर एकदम हॉगनोज, मला जमेल?"

मी विकायलाच बसलोय.
हो म्हणायचं, सव्वाशे डॉलर घ्यायचे, पुढचं गिऱ्हाईक.

मी झाकण काढलं.
चौदा नंबरने मान चपटी केली, नागाचा आव आणला,
फुस्स.
मग मिटल्या तोंडाने माझ्या बोटावर नाक आपटलं,
ते वर वळलेलं, कुणाचीच पर्वा नसलेलं नाक.
ती एक पाऊल मागे सरली. मग हसली.
मागे सरतात ते सगळेच.

"विषारी?"
थोडा. दात मागे असतात, विष सौम्य.
धरून चावत राहिला तर हात सुजतो,
एखाद्याला जरा जास्तच.
उंदराचा वास असलेला हात आत घालायचा नाही.
घातलास, तर चूक त्याची नाही.

पण मला सांगायचं होतं ते हे नव्हतं.

माझा पहिला हॉगनोज मी एका वाळवंटी माणसाकडून घेतला,
तेव्हा मी ट्रक चालवायचो आणि मला सगळं येत होतं.
त्याने अकरा आठवडे तोंड लावलं नाही.
उंदराच्या पिल्लाला मी टूनाचं पाणी चोपडलं,
बेडकाच्या पाठीवर घासून पाहिलं,
तासातासाला उचलून बघितलं, जेवतोस का रे, जेवतोस का.
लेनोर म्हणायची, डेल्मर, त्याला जरा एकटं सोड.
सगळी सोंगं आणता येतात, म्हणतात, पैशाचं येत नाही.
भुकेचंही येत नाही.

मेल्याचं सोंग मात्र तो झकास आणायचा.
जीभ बाहेर, पोट वर, वास असा की खिडकी उघडावी.
सरळ केला की लगेच पुन्हा पाठीवर.
मेलोय म्हणतोय ना, ठेव मला तसाच!
आम्ही दोघं हसून हसून दमायचो.
एका सकाळी मी त्याला सरळ केला
आणि तो सरळच राहिला.

हे मी यारेलीला सांगितलं. तिने डब्याकडे पाहिलं.
"चौदा नंबर किती वेळा जेवलाय?"
मी कार्ड पाहिलं. सातपैकी चार.
"आणि तो?" नऊ. दहापैकी दहा. रंग मातकट, चेहरा साधा.
नवख्याने नऊ नंबरच न्यावा. हे मी तिला स्पष्ट सांगितलं.

"फ्रिहोलने नोव्हेंबरात तीन आठवडे काही खाल्लं नाही," ती म्हणाली.
मग काय केलंस?
"दर रविवारी वजन केलं. वहीत लिहिलं. थर्मोस्टॅट तपासला."
आणि?
"आणि झोपले. सकाळी कामावरून आलेले असायचे."

त्या वयात मला हे सुचलं नव्हतं.

नऊ नंबर ती घेऊन गेली, जॅकेटच्या आत, वाऱ्यापासून जपून.
चौदाच्या डब्यावर मी पट्टी चिकटवली, यारेली, मे.
दहा वेळा जेवला तर फोन करीन.
नाही जेवला तरी करीन बहुतेक.
वीस डॉलर द्यायला लागली, मी घेतले नाहीत.

संध्याकाळी परतताना चौदा शेजारच्या सीटवर होता.
भुशातून फक्त नाक बाहेर.
ग्रँड आयलंडपर्यंतच्या प्रत्येक खड्ड्यावर
तो माझ्या अंगावर फुस्स करत होता.