डावीकडं त्रेपन्न किलो

माधवनगर रोडला, हळदीच्या गोदामाला लागून
दस्तगीर मुल्लांचं गॅरेज.
खड्ड्यात मी. डोक्यावर
चौसष्ट सालची दोन सीटची विलायती गाडी,
पोटात तिच्या कॉन्टेसाची पाच गिअरची पेटी
काल रात्री चढवलेली,
मूळ पेटीपेक्षा चार बोटं लांब.
शाफ्ट तेवढाच कापला, कोल्हापुरात तोलून आणला,
दोन्ही टोकांचे कान एका रेघेत.

तरी सकाळी तासगावच्या रस्त्याला
सत्तरच्या पुढं आरसा थरथरायला लागला.
चाचांनी गाडी वळवली. म्हणाले,
बसलीय, पण पटली नाही.

कोन मोजायचा तर गाडी स्वतःच्या चाकांवर पाहिजे,
जॅकवर नाही. टाकी अर्धी.
आणि बसणाऱ्याचं ओझं जागेवर,
पाटे दबले की मागचा आस नाक हलवतो.
शेजारून पोती मागवली,
तर रत्नप्रभाबाई मगदूम म्हणाल्या,
माझ्याऐवजी पोतं कशाला? मीच बसते.
चपला खाली काढून बसल्या,
चष्मा, पेपर, शब्दकोडं.

आणि डावीकडं? चाचांनी विचारलं.
एकट्याच असता, का कुणी...
बाईंनी पेनाला टोपण लावलं.
डावीकडं त्रेपन्न किलो टाका.

पन्नास नाही. पंचावन्न नाही.
गोदामातल्या पोरानं पोतं काट्यावर ठेवून
ओंजळीओंजळीनं हळकुंडं काढली,
शेवटी एक परत टाकलं.
चाचांनी पुढं काही विचारलं नाही.

खाली मी कोनमापक टेकवतो.
पेटी मागं उतरती, तीन अंश.
शाफ्ट साडेचार.
डिफरन्शलचं नाक वर, जेमतेम एक.
म्हणजे पुढच्या सांध्याला दीड, मागच्याला साडेतीन.
पुढचा सांधा एका फेऱ्यात
दोनदा पळतो, दोनदा रेंगाळतो,
ते मागच्यानं नेमकं फेडायचं असतं.
हा फेडताना ज्यादा फेडत होता.
त्या ज्यादाची थरथर आरशात.

सगळं सरळच करू की, मी म्हणालो होतो
कामाला लागलो त्या वर्षी. एका ओळीत. शून्य.
चाचांनी कुठल्याशा ट्रकचा क्रॉस उघडून हातात दिला.
सुया एकाच जागी बसून बसून
पोलादात रेघा पाडून गेलेल्या.
थोडं वाकडं पायजे रे.
म्हंजे फिरत्यात.

शेपरवर दोन अंशांच्या दोन पाचरी काढल्या,
पाट्यावर, आसाच्या खाली, जाड बाजू पुढं.
यू-बोल्ट आवळले. पुन्हा मोजायला घेतलं.
बाई, हलू नका, पाव अंश जातोय.
वरनं आवाज आला,
नांगराची मूठ, तीन अक्षरी?
रुमणं, चाचा म्हणाले, पाना दातात धरून,
म्हणून दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

दीड इथं. दीड तिथं.
मधे तिरका शाफ्ट,
आणि त्याच्या दोन टोकांना
एकाच कलानं झुकलेली
दोन लोखंडं,
एक विलायती, एक कुणाच्या तरी मोडलेल्या कॉन्टेसाचं.

संध्याकाळी बाई स्वतः घेऊन गेल्या, अंकलीच्या पुलाकडं.
पोतं उतरवायला मी दार उघडलं
तर म्हणाल्या, राहू दे, मोजलंय तसं.
दीड तासानं आल्या. नव्वदला आरसा गप्प होता,
मागून येणाऱ्या टँकरचा नंबर वाचता आला म्हणे.
आणखी काही सांगतील म्हणून आम्ही थांबलो.
त्यांनी किल्ली पर्समध्ये टाकली, पुन्हा काढली.

सीटवर पिवळी धूळ. मी फडकं आणलं.
ते त्यांनी माझ्याकडून घेतलं
आणि काच पुसली.

गोदामात पोतं पाव किलो कमी भरलं.
चाचांनी ते बिलात धरलं नाही.
पुढच्या मिस्त्रीला सोपं जावं म्हणून
बॉनेटच्या आतून पांढऱ्या रंगानं लिहिलं,
पेटी ३, शाफ्ट ४॥, नाक ३.
ब्रश पुसता पुसता थांबले,
परत बुडवला,
आणि खाली, जरा बारीक अक्षरात,
डा. ५३.