टिंब

टेबट, सी.
सुरुवातीला असंच लिहायचे मी त्याचं नाव.
हौशी साहेबांची आद्याक्षरं आडनावाच्या आधी,
पगारी माणसांची नंतर, शेपटासारखी.
मग एका हिवाळ्यात लंडनच्या कुठल्याशा बैठकीत
तो भेद मिटला
आणि एप्रिलात मी लिहिलं : सी. टेबट.
त्याने ते पाहिलं. बोलला काही नाही.
त्या दिवशी बावीस षटकं टाकली, एका दमात.

बाप रश्डनच्या बुटांच्या कारखान्यात चामडं कापायचा.
म्हणून की काय, चेंडू हातात आला
की पोरगा आधी हुंगायचा.
डावा हात, चार आळसट पावलं,
तर्जनीला कायमचा घट्टा,
आणि सोडायच्या ऐन क्षणी जीभ ओठाबाहेर,
गणित सोडवणाऱ्या मुलासारखी.

माझी लाकडी खोली रोलरच्या शेडला लागून.
पेन्सिली, थर्मास, मे महिन्यातसुद्धा गुडघ्यांवर ब्लँकेट.
धाव नाही, बळी नाही, की एक टिंब.
निर्धाव षटकाची सहा टिंबं जोडली की एम होतो.
सतरा हंगामांत त्याचे इतके एम जोडले
की काही पानं लांबून डोंगररांगांसारखी दिसतात.

इंग्लंडकडून एकदाच. लीड्स.
मी घरी रेडिओपाशी, सवयीने कागद पुढ्यात.
सदतीस षटकं, एक्याण्णव धावा,
स्लिपमध्ये दोन झेल सुटले.
बळींच्या रकान्यात शून्य काढलं.
घरचा कागद कोण बघतंय, पण खोटं कशाला लिहा?
पुन्हा बोलावणं आलं नाही.

मग रविवारचे चाळीस षटकांचे सामने आले.
कप्तान म्हणायचा, सपाट टाक सिरिल, उंची देऊ नकोस.
टाकले त्याने सपाट. घराचे हप्ते होते.
शेवटच्या उन्हाळ्यात
त्याच्या शर्टाची बटणं बारावा गडी लावून द्यायचा.

गेल्या नोव्हेंबरात आला, काठी टेकत,
पॅव्हिलियनच्या माळ्यावर, जिथे जुन्या वह्या मी अजून सांभाळते.
ऑड्रीला जाऊन वर्ष झालं होतं.
मला वाटलं, वूस्टरचं पान मागेल :
ओली खेळपट्टी, एकोणतीस धावांत आठ.
तो म्हणाला, “चेस्टरफील्ड. बुधवार. पावसामुळे जेवणानंतर सुरू झालेला.”

चेस्टरफील्ड. तिथल्या चर्चचा कळसच पिळवटलेला,
आणि लोक ओरडायचे,
टेबटपेक्षा आमचा कळस जास्त वळतो!

वही काढली. चौदा षटकं, बळी एकही नाही.
“यात एक चेंडू आहे,” म्हणाला.
“हवेत आत आला, पडला, आणि बाहेर गेला
ऑफ स्टंपला न शिवता. मध्ये कागद मावला नसता.
फलंदाजाने मागे पाहिलंसुद्धा नाही,
दोन पावलं निघालाच होता तंबूकडे.
अंपायरने परत बोलावलं.
मिस डेंटन, तसा पुन्हा नाही पडला.
लीड्सला तो शोधत होतो मी, सदतीस षटकं.”

पानभर टिंबं. सगळी एकाच मापाची,
पेन्सिलीचा दाबही सारखा.
याचा मला आयुष्यभर केवढा अभिमान.

त्याची तर्जनी पानावरून सरकत राहिली,
सांध्यातून कललेली, नख जाड झालेलं.
एका टिंबापाशी थांबली.
“हे ना?”

ती ओळ खालची होती,
हिगॉट नावाच्या मध्यमगती गोलंदाजाची.
मी चष्मा पुसला.
“हेच,” म्हटलं.

त्याने बोट बराच वेळ उचललं नाही.
खाली कुणीतरी रोलरला तेल देत होतं.
चहा घेणार का, विचारलं.
म्हणाला, दोन साखर.