उत्पत्तिस्थान

एकतीस वर्षं मी तापाच्या मागे फिरलो.
सायकल, गेरूचा डबा, काचपट्ट्यांची पेटी.
कुणाच्या अंगात कणकण आली की बोटाला सुई,
काचेवर एक थेंब,
आणि दाराशेजारी भिंतीवर तारीख.

धामणवाडीत एकदा तीन काचपट्ट्या दूषित निघाल्या.
तिसऱ्या दिवशी जीप आली, साहेब आले,
रांजण पालथे झाले, जुने टायर उचलले,
टाक्यात गप्पी मासे सोडले.
कोणी म्हणालं नाही
की ह्या तिघांनी जरा जपून झोपायला हवं होतं.

मग रस्ता आला.
चार पदरी, सिमेंटचा, दुपारी डोळे दिपवणारा.
गाव अलीकडे, शाळा अन् वावरं पलीकडे.
बोगदा नकाशात होता, म्हणतात.
ढाब्यासमोर दुभाजकाला एक फट,
ट्रॅक्टर वळवायला कोणीतरी रात्रीतून फोडलेली.

पहिला गेला अंकुश वाढई, दुधाच्या कॅनसकट.
दूध उताराला लागून
पार किलोमीटरच्या दगडापर्यंत गेलं.
मग झाड्यांची सून, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी.
मग दोघं एकाच गाडीवर, लग्नाच्या पत्रिका वाटत;
त्यातल्या एकाचं नाव पत्रिकेवरही होतं.
मग तेजस मेश्राम, बारावीचा.
हेल्मेट घरी खुंटीला, नवं, प्लास्टिक न काढलेलं.
गाव महिनाभर हेल्मेटबद्दल बोललं.
फटीबद्दल कोणीच नाही.

ग्रामीण रुग्णालयाच्या नोंदवहीत
कावीळ, हगवण, सर्पदंश, कुत्रं चावणे,
प्रत्येकाला आपापला रकाना,
महिनाअखेरीस बेरीज, बेरजेवर सही.
ह्यांना 'इतर'.

कुंदाताई मेश्राम मला म्हणाली,
"भाऊ, तुमी तं साऱ्या बिमाऱ्या लिवता.
माह्या पोराले काय झालतं, ते लिवा ना."
अपघात, मी म्हणालो.
"अपघात एक डाव होते, भाऊ.
हा तं दर महिन्याले येते. तापावानी."

निवृत्तीला चार महिने उरले होते.
सकाळी गेरू कालवला
आणि पुलाच्या कठड्यावर, आमच्या खात्याच्या रीतीनं,
तारखा टाकल्या. नऊ भरल्या.
खाली लिहिलं: उत्पत्तिस्थान.
बाण काढला फटीकडे.

एका ट्रकवाल्यानं वेग कमी करून वाचलं,
बहुधा जाहिरात समजून.
पंधरा दिवसांनी ठेकेदाराच्या माणसानं चुना फासला.
चुन्याखालून गेरू वर येतो
हे आमच्यातला शिपाईसुद्धा जाणतो.

आता मी रिकामा, फाट्यावरच्या टपरीत.
परवा पर्बताबाई उईके
वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन फटीत उभी राहिली.
समोरून टँकर.
तिनं पंजा वर केला,
उधळल्या गोऱ्ह्याला करतात तसा,
तोंडानं हो-हो-हो म्हणत.
टँकर थांबला. हॉर्न नाही, शिवी नाही.
भारा जरा कलला, तिनं सावरला,
आणि मागे न बघता वावराकडे उतरली.

मी खिशातली वही काढली.
त्या जागेची तारीख पहिल्यांदाच
जिवंत माणसाच्या नावापुढे टाकली.
शेरा:
टँकरचा नंबर घ्यायचा राहिला.